भंगारातला वाढपी

लग्नाच्या पंगतीत जेवायला बसलात की सगळ्यांत जास्त धावपळ कुणाची होते? वाढप्याची! "भात आणा", "इकडं आमटी", "चपाती राहिली की ओ"... जो जे मागेल ते त्याला नेऊन द्यायचं आणि पंगत उठेपर्यंत स्वतः बसायचं नाही. संगणकांच्या जगातही असे वाढपी असतात. त्यांना म्हणतात सर्व्हर. इंग्रजीत 'सर्व्ह' म्हणजे वाढणं, सेवा करणं. त्यावरूनच हे नाव पडलं. तुम्ही घरच्या फोनवर रेल्वेचं वेळापत्रक पाहता, तेव्हा कुठल्या तरी लांबच्या गार खोलीत उभा असलेला असा एक वाढपी तुमचं मागणं ऐकतो आणि ताट भरून पाठवून देतो.

असा एक म्हातारा वाढपी माझ्या घरी, जिन्याखाली राहतो. तो तिथं कसा आला, त्यानं मला काय शिकवलं आणि माझ्या हातून एक मोठी चूक कशी झाली, ते आज तुम्हांला सांगणार आहे. चूक सांगायला मोठ्या माणसांना आवडत नाही. पण ही सांगायलाच हवी.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. आमचं घर शिरोली एमआयडीसीच्या लगत आहे. तुम्ही पुणे-बंगळूर महामार्गानं कोल्हापूरला आलात, तर पंचगंगेचा पूल यायच्या आधी कारखान्यांची धुरांडी दिसतात, तीच शिरोली. इथं फाउंड्र्या पुष्कळ आहेत. फाउंड्री म्हणजे ओतकामाचा कारखाना. वाळूचा साचा करायचा, भट्टीत लोखंड वितळवायचं आणि तो लालपिवळा रस साच्यात ओतायचा. गार झाला की झाला मोटारीचा नाहीतर पंपाचा भाग तयार! आणि भट्टीत काय टाकतात ठाऊक आहे? नव्या लोखंडाबरोबर भंगारही टाकतात. मोडके पत्रे, जुने सुटे भाग, काय वाटेल ते. म्हणून आमच्याकडं भंगाराला कुणी नाक मुरडत नाही. ते उद्याच्या कामाचं सामान असतं.

अशाच एका भंगाराच्या दुकानासमोरून शाळेतून येताना मला एक चपटी लोखंडी पेटी दिसली. अठ्ठेचाळीस सेंटिमीटर रुंद, त्याहून बरीच लांब आणि उंचीला जेमतेम चार बोटं. पुढं डिस्क बसवायचे कप्पे. एका कारखान्यानं नवी यंत्रणा घेतली, म्हणून ही जुनी बाहेर काढलेली. पॉवरएज आर ७१० नावाचा सर्व्हर. हे मॉडेल २००९ साली बाजारात आलं होतं. म्हणजे मी डी.एड. होऊन बाहेर पडले, तेव्हाचं!

"बाई, ह्यात काय ऱ्हायलंय आता?" दुकानदार म्हणाले. "पत्रा आन् थोडं तांबं. पोरांना दावायला पायजे तर घेऊन जावा."

एका नव्या सायकलच्या किमतीत सौदा ठरला. वजन पंचवीसेक किलो. आमच्या ह्यांनी आणि शेजारच्या मुलानं मिळून तो रिक्षातून उतरवला.

तुम्ही म्हणाल, बाई, जुनं सामान घेऊन कुठं काही होतं का? अहो, कोल्हापूरचा इतिहास पाहा. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे दोघे नात्यानं भाऊ. लोक त्यांना पेंटर म्हणत. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि आपणही सिनेमा काढायचा, असं या दोघांच्या मनानं घेतलं. पण कॅमेरा कुठून आणायचा? त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक वापरलेला प्रोजेक्टर आणला आणि त्याच्या आत काय चालतं, ते समजून घ्यायला सुरुवात केली. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीनं काम पुढं नेलं आणि कोल्हापुरातच कॅमेरा तयार केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला. तेव्हा जुन्या बाजाराला हसू नका बरं का!

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते डिस्क पुसण्याचं. त्यांच्यात त्या कारखान्याची कागदपत्रं राहिलेली असणार. दुसऱ्याची वही सापडली तर आपण वाचत बसतो का? नाही ना? नुसतं 'डिलीट' म्हटलं तर यादीतलं नाव जातं, मजकूर मात्र जागेवरच राहतो. म्हणून सगळ्या डिस्कवर पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं लिहिली. रात्रभर ते चाललं होतं. मग त्यावर लिनक्स घातलं. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी प्रणाली. फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं १९९१ साली ती सुरू केली आणि सगळ्यांसाठी खुली ठेवली. तिला पैसे पडत नाहीत.

आता खरी गंमत. बटण दाबलं मात्र, आतले पाचही पंखे एकदम असे काही घोंघावले, की सासूबाई देवघरातून धावत बाहेर आल्या. "अगं, ह्ये काय इमान आणलंस गं घरात?" थोड्या वेळानं पंखे मंदावले, पण त्यांचा घुंऽऽ आवाज काही थांबला नाही. हे यंत्र कारखान्याच्या बंद खोलीत राहायला बनवलेलं. घरातल्या माणसांना झोप लागते की नाही, याचा विचार त्यात कशाला केलेला असेल? शेवटी त्याची रवानगी जिन्याखाली झाली. ह्यांनी तिथं चांगलं अर्थिंग असलेला वेगळा पॉइंट काढून दिला.

आठ दिवसांनी सासूबाईंना चटणी वाटायची होती. मिक्सरला जागा नव्हती. त्यांनी सरळ सर्व्हरची पिन काढली! यंत्र लिहीत असताना अशी वीज तोडली, तर अर्धवट लिहिलेली फाइल बिघडू शकते. मला राग आला खरा, पण मग एक गोष्ट आठवली. टिम बर्नर्स-ली यांनी वेब सुरू केलं, तेव्हा जगातला पहिला वेब सर्व्हर जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत त्यांच्या टेबलावर होता. तो कुणी चुकून बंद करू नये, म्हणून त्यांनी त्याच्यावर लाल शाईनं चिठ्ठी लिहून चिकटवली होती: हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका! जगातल्या पहिल्या वेब सर्व्हरलासुद्धा चिठ्ठी लागली, मग माझ्या सर्व्हरला का नको? मीही लाल खडूनं पाटी लिहिली: 'विचारल्याशिवाय बंद करू नये.' मिक्सरसाठी दुसरी जागा करून दिली, ते वेगळंच.

मग आलं विजेचं बिल! चला, आपण गणित करू. मीटर लावून पाहिलं, तर काही काम नसतानाही सर्व्हर १३० वॅट वीज खात होता. १३० गुणिले २४ तास म्हणजे ३,१२० वॅट-तास. १,००० वॅट-तास म्हणजे एक युनिट. म्हणजे दिवसाला ३.१२ आणि महिन्याला जवळजवळ ९४ युनिट! आमचं सगळं घर महिन्याला ९० युनिटांच्या आसपास वीज वापरतं. म्हणजे जिन्याखाली आणखी एक घर राहायला आलं की! शिवाय १०० युनिटांच्या पुढं गेलं की दरही चढतो.

मी यंत्र उघडलं. त्यात दोन प्रोसेसर होते. आमच्या कामाला एक पुरे. दुसरा काढून ठेवला, त्याच्या वाट्याच्या मेमरीच्या पट्ट्याही काढल्या. वीज ९० वॅटवर आली. आणि चोवीस तास चालवायची गरजच काय? शनिवार-रविवार मिळून दहा तास चालवायचा. ९० गुणिले १० म्हणजे ९०० वॅट-तास. आठवड्याला एक युनिटसुद्धा नाही. तुमच्या घरात कुठलं यंत्र किती युनिट घेतं, हे असंच काढून पाहा. मजा येते.

आमच्या भागात हवेत काळसर बारीक धूळ असते. पंखे ती आत ओढतात. म्हणून पुढच्या तोंडाला पातळ कापड लावलं आणि महिन्यातून एकदा यंत्र बंद करून, पिन काढून ब्लोअरनं आत हवा मारायची, हा नेम केला.

आता हा वाढपी वाढतो तरी काय? आमच्या वर्गातल्या पुष्कळ मुलांचे आईवडील कारखान्यांत काम करतात. कुणी इथले, कुणी कर्नाटकातून आलेले, कुणी बिहारमधून. घरी एकच फोन, तोही बाबांबरोबर कामावर. इंटरनेटचे पैसे जपून वापरायचे. म्हणून मी सर्व्हरवर बालभारतीची पुस्तकं ठेवली. किविक्स नावाची एक सोय आहे, तिच्यामुळं सगळा मराठी विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचता येतो. तो ठेवला. शनिवारी दुपारी मुलं ओसरीवर येऊन बसतात, जुने फोन आणि एक टॅब हातात घेतात आणि हवं ते मागतात.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे आवाज. आम्ही वर्गात एक उपक्रम घेतला होता. प्रत्येकानं घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला बोलतं करायचं आणि ते फोनवर उतरवून आणायचं. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला, महामार्गावर पाणी चढलं आणि कित्येक दिवस वाहतूक बंद राहिली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं. कुणाच्या आजीनं त्या पुराचं सांगितलं, कुणी गावाकडच्या जत्रेचं. एका मुलाच्या आजोबांनी भट्टीवरच्या दिवसांचं सांगितलं. निळ्या काचेतून वितळलेल्या लोखंडाकडं कसं पाहायचं आणि नुसत्या रंगावरून ते ओतायला तयार झालं की नाही, हे कसं ओळखायचं. अकरा मिनिटं बोलले. मधेच खोकायचे, मधेच खदखदून हसायचे.

त्या हिवाळ्यात आजोबा वारले. त्यानंतर तो मुलगा दर रविवारी यायचा. ओसरीच्या कोपऱ्यात बसायचा, कानाला फोन लावायचा, अकरा मिनिटं ऐकायचा आणि निघून जायचा. मी कधी काही विचारलं नाही.

आता थोडं यंत्राच्या आत जाऊ, म्हणजे पुढचं नीट समजेल. असे सर्व्हर चुका सांभाळून घेण्यासाठीच बनवलेले असतात. वीज द्यायला दोन पेट्या असतात, एक बिघडली तर दुसरी आहेच. मेमरीत एखाद्या ठिकाणी शून्याचा एक झाला, तर मेमरी ते ओळखून दुरुस्त करते. ही युक्ती अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतल्या रिचर्ड हॅमिंग यांची. शनिवार-रविवारी त्यांचं गणित यंत्रावर लावलेलं असायचं आणि चूक सापडली की यंत्र ते काम सोडूनच द्यायचं. हॅमिंग वैतागले. यंत्राला चूक झाल्याचं कळतं, तर ती नेमकी कुठं झाली ते का कळू नये? त्यातून त्यांनी चूक दुरुस्त करणारी पद्धत शोधली आणि १९५० साली ती प्रसिद्ध केली.

डिस्कचीही अशीच युक्ती आहे. ती मी मुलांना ओसरीवर खेळातून शिकवली. तीन मुलांनी एकेक आकडा लक्षात ठेवायचा. ७, ५ आणि ९. चौथ्यानं फक्त बेरीज लक्षात ठेवायची, २१. आता दुसरा मुलगा घरी गेला. त्याचा आकडा कोणता? २१ वजा ७ वजा ९, उरले ५! खऱ्या यंत्रात बेरजेऐवजी थोडी वेगळी क्रिया असते आणि ती एकाच डिस्कवर न ठेवता सगळ्यांवर आळीपाळीनं ठेवतात, पण कल्पना हीच. माझ्याकडं १४६ जीबीच्या चार डिस्क होत्या. त्यांतल्या तिघींएवढी, म्हणजे ४३८ जीबी जागा वापरायला. चौथीएवढी जागा बेरजेसाठी.

एकदा खरोखरच एका डिस्कचा दिवा पिवळा झाला. डिस्क गेली! मी भंगारवाल्यांकडून तशीच दुसरी आणली, जुनी ओढून काढली आणि नवी बसवली. बेरजेवरून सगळं परत लिहून निघालं. एकही फाइल गेली नाही. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मुलांना मी ऐटीत म्हटलं, "आता आपलं काहीसुद्धा हरवणार नाही."

हेच ते वाक्य. ते म्हणायला नको होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत जागा कमी पडायला लागली. दोन-दोनदा साठवलेल्या फायली पुसायला मी बसले. रात्रीचे अकरा वाजलेले, डोळ्यांवर झोप. पुसायचा हुकूम लिहिताना फोल्डरचं नाव चुकलं. दोन फोल्डरांची नावं सारखीच होती, शेवटचा आकडा तेवढा वेगळा. मी बटण दाबलं. वाढपी तो वाढपी! ताट उचल म्हटल्यावर त्यानं उचललं. मला पत्तासुद्धा लागला नाही. उलट जागा रिकामी झाली, म्हणून मी विकिपीडियाची नवी मोठी फाइल त्यावर उतरवून घेतली.

दुसऱ्या दिवशी रविवार. तो मुलगा आला, कोपऱ्यात बसला आणि थोड्या वेळानं माझ्याकडं येऊन म्हणाला, "बाई, आजोबा सापडंनात."

माझ्या पोटात गोळा आला. यंत्र लगेच बंद केलं, कारण पुसलेल्या जागेवर नवं काही लिहिलं गेलं, की जुनं कायमचं जातं. मग हरवलेल्या फायली शोधायचं एक साधन लावून दोन दिवस खटपट केली. काही मुलांचे आवाज परत मिळाले. आजोबांच्या जागेवर मात्र नवी फाइल बसली होती.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? खरं सांगते, 'डिस्क बिघडली' असं म्हणायचा मोह मला झाला. कुणाला कळलं असतं? पण वर्गात आपण शाई सांडल्यावर वाऱ्यानं सांडली म्हणणाऱ्याला काय सांगतो? मी त्याच्या घरी गेले. त्याची आई चूल आवरत होती. दोघांना समोर बसवून म्हटलं, "यंत्र बिघडलेलं नाही. माझ्या हातून पुसलं गेलं."

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाई, मग बेरजेवरनं परत येत न्हाई व्हय?"

मुलांनो, ह्या प्रश्नाचं उत्तर देणं मला फार जड गेलं. नाही येत. एखादा आकडा हरवला, तर बेरजेवरून काढता येतो. पण मीच सांगितलं की हा आकडा पुसा, तर यंत्र आकडा पुसतं आणि बेरीजही नवी लिहितं. त्याच्या मते सगळं बरोबरच असतं. चार डिस्क मिळून डिस्कच्या बिघाडापासून सांभाळतात, मालकाच्या हातापासून नाही. त्यासाठी वेगळी प्रत लागते. ती मी केलेली नव्हती.

शाळा सुरू झाल्यावर मी वर्गातही हे सांगितलं. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, माझ्या आईच्या फोनात थोडं हाय. मला आजोबांचं हसणं आवडलं होतं, म्हणून मी पण लावला होता." एक मिनिट चाळीस सेकंद! आजोबा निळ्या काचेपर्यंत येतात, हसतात आणि पुढचं वाक्य अर्ध्यावर तुटतं.

ते आम्ही सगळ्यांनी मिळून ऐकलं. वाक्य तुटलं आणि तो मुलगा उठून पुढचं बोलायला लागला. आजोबांच्याच शब्दांत, मधे खोकण्याची जागा सोडून. इतक्या रविवारी ऐकून त्याला सगळं पाठ झालं होतं. मी हळूच फोन सुरू केला. नऊ मिनिटं तो बोलत होता.

तुकारामांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या, पण अभंग लोकांच्या मुखात होते, म्हणून ते राहिले, असं आपल्याकडं सांगतात. मला त्या दिवशी ते आठवलं. आजोबांचा उरलेला आवाज मात्र परत आला नाही. तो येणारही नाही.

आता आमच्या प्रत्येक आवाजाच्या तीन प्रती असतात. एक सर्व्हरवर. दुसरी शाळेच्या कपाटात, वेगळ्या डिस्कवर. तिसरी एका छोट्या कार्डावर, माझ्या माहेरी आजऱ्याला. तिसरी लांब का? कारण पंचगंगा चढली, तर जिना आणि कपाट दोन्ही एकदमच बुडतील. आणि पुसायचा हुकूम मी आता रात्री कधी देत नाही. देण्याआधी एका मुलाला फोल्डरचं नाव मोठ्यानं वाचायला सांगते. बहुतेक वेळा तो मुलगाच वाचतो.

तुम्हांला सर्व्हर आणायची मुळीच गरज नाही. तो जड असतो, आवाज करतो, वीज खातो. आणि कुठलंही विजेचं यंत्र मोठ्या माणसाशिवाय उघडायचं नाही, हे लक्षात ठेवा. पण एक काम या आठवड्यात करा. घरातल्या आजी-आजोबांपैकी कुणाला तरी बोलतं करा. त्यांचा आवाज उतरवून घ्या आणि त्याची एक प्रत दुसऱ्या गावच्या मावशीकडं नाहीतर मामाकडं पाठवून द्या. मग स्वतःही तो दोन-चारदा ऐका.

कुणाचा आवाज घेतलात, ते मला नक्की कळवा हं!